कमांडर पेंडरी आणि आठ बायकांची बोट

मोठ्या माणसावर मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला तो ऐंशीला टेकलेल्या एका निवृत्त ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यावर. त्यांच्याच घरात, त्यांच्याच चहाचा कप हातात धरून. आणि माझं बोलून झाल्यावर त्यांनी माझे आभार मानले.

हे किती अचाट आहे ते कळायला आमचं पुण्याचं घर माहीत हवं. आमच्याकडे आजोबा सकाळी चुकून "आज मंगळवार" म्हणाले, तर तो दिवस मावळेपर्यंत मंगळवारच असायचा, कॅलेंडर काही का म्हणेना. आजी बुधवारचा उपास सोडून द्यायची, पण त्यांना दुरुस्त करायची नाही. अशा घरात वाढलेली मी, लग्न होऊन नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्सला आले, पुढे बाडहूव्हडॉर्पला मालाच्या गाड्यांचं वेळापत्रक लावणाऱ्या कंपनीत नोकरीला लागले, डच ड्रायव्हरांशी फोनवर भांडायला शिकले. पण समोर पांढरे केस दिसले की माझी जीभ आपोआप टाळ्याला चिकटायची.

कमांडर राल्फ पेंडरी आमचे अ‍ॅमस्टेलव्हीनचे शेजारी. भिंतीला भिंत. आम्ही राहायला गेलो त्याच्या तिसऱ्या दिवशी दारातून एक कार्ड आत पडलं. मोठ्या, सरळ अक्षरांत लिहिलं होतं: "आपलं वॉशिंग मशीन सकाळी सहा दहाला सुरू होतं. ही तक्रार नाही. मी त्यावर घड्याळ लावतो. स्वागत." माझा नवरा निखिल म्हणाला, "हा टोमणा आहे." मी म्हटलं, "असेलही." पण मग एकदा मला मशीन लावायला सहा वीस झाले, तर पावणेसातला ते दारात हजर. मशीन बिघडलं आहे का, दुरुस्तीला हात लावू का, हातात पाना. मी नाइट ड्रेसमध्ये, केसांत पेन खोचलेलं. तेव्हापासून आमची ओळख झाली.

त्यांच्या नोकरीची हकिगत त्यांनी कधी सलग सांगितली नाही, मला ती तुकड्या-तुकड्यांत मिळाली. डेव्हनमधल्या एका खेड्यातून अठराव्या वर्षी नौदलात भरती. पहिली जहाजं समुद्राची खोली मोजून नकाशे करणारी. मग फ्रिगेट, म्हणजे लढाऊ जहाज, मग एका फ्रिगेटचे स्वतः कप्तान, आणि शेवटची चार वर्षं डेन हेल्डरला, डच नौदलाबरोबर समन्वयाचं काम. तिथे त्यांना हानेके भेटली. तिने लग्नाला होकार दिला, पण इंग्लंडला यायला नकार दिला, कारण तिथे सायकलसाठी नीट रस्ते नाहीत. कमांडरनी देश सोडला. "माझ्या आयुष्यातला सगळ्यात सोपा हुकूम," असं म्हणायचे. आम्ही राहायला आलो तेव्हा हानेकेला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तिची सायकल दर रविवारी तेलपाणी होऊन पुन्हा शेडमध्ये जायची.

माझ्या मुलीने, इराने, एकदा त्यांना विचारलं, "तुम्ही युद्धात काय केलंत?" ते गंभीरपणे म्हणाले, "मुख्यतः रंग दिला. जहाजाला रंग द्यायचा, वाळला की परत द्यायचा. मधे मधे समुद्र असायचा." इराला ते इतकं पटलं की शाळेत आजी-आजोबांवर बोलायच्या दिवशी तिने डचमध्ये छातीठोकपणे सांगितलं, आमचे कमांडर आजोबा पेंटर होते.

त्यांच्या समोरच्या खिडकीत एक जाड वही असायची. जहाजावरच्यासारखी नोंदवही, फक्त जहाजाच्या जागी आमची गल्ली. वारा, ढग, हवेचा दाब, आणि उजवीकडे शेरे. एकदा त्यांनी मला कौतुकाने दाखवली. मी वाचलं: "सात चाळीस. शेजारीण सायकलवरून पूर्वेकडे. वेग जास्त. डबा घरीच राहिला असावा." मी रागावणार, तेवढ्यात आठवलं, त्या दिवशी डबा खरंच घरी राहिला होता.

आता बोटीकडे येते, कारण कमांडर म्हणजे बोट. आल्समेरच्या मोठ्या तळ्यावर त्यांच्या क्लबची एक जुनी वल्ह्यांची बोट होती. कधीकाळी कुठल्याशा मालवाहू जहाजावर जीवरक्षक म्हणून टांगलेली, लाकडी, रुंद, जाडजूड. आठ वल्ही, आणि मागे सुकाणूवर एक माणूस. इथे अशा बोटींच्या शर्यती होतात, लोक वेड्यासारखे त्यांच्या मागे असतात. कमांडर वीस वर्षं त्या सुकाणूवर होते. पण त्यांचे वल्हेवाले म्हातारे झाले. कुणाचा गुडघा, कुणाची पाठ, एक जण थेट स्पेनला. बोट धक्क्याला बांधून पडली, आणि शनिवारी सकाळी कमांडर काय करावं ते न कळून फुटपाथ झाडू लागले.

त्याच शनिवारी आम्ही आठ जणी कालव्याकाठी चालायला निघायचो. सगळ्या पुण्या-मुंबईच्या. शुभांगी आमची म्होरकी, तिकडे दातांची डॉक्टर, इथे परवान्याच्या परीक्षा देता देता एका वृद्धाश्रमात काम करणारी, आवाज खणखणीत. चालणं कमी, बोलणं जास्त. एक दिवस कमांडर झाडू घेऊन आडवे आले.

"मी तुम्हाला चार महिने बघतोय," ते म्हणाले. संभाषण अर्थात इंग्रजीत, पण मला ते आता मराठीतच आठवतं. "तुम्ही आठ जणी चालता आणि कुणी एकटी पुढे जात नाही. जी सगळ्यात हळू, तिच्या वेगाने सगळा ताफा. हे मला माझ्या पोरांना शिकवायला दोन वर्षं लागायची. तुम्हाला पोहता येतं का?"

"का हो?" शुभांगी म्हणाली.

"कारण माझ्याकडे बोट आहे."

आम्ही हसलो. घरी जाऊन परत हसलो. ग्रुपवर जोक टाकले. आणि पुढच्या शनिवारी आठच्या आठ जणी आल्समेरच्या धक्क्यावर उभ्या. का गेलो? मला अजून नीट सांगता येत नाही. मुलांच्या शाळा, नवऱ्यांच्या मीटिंगा, डच भाषेचे क्लास, खेमेंटेची म्हणजे नगरपालिकेची पत्रं, या सगळ्यात आम्हाला कुणी इतक्या वर्षांत "मला तुमची गरज आहे" असं म्हटलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

कमांडरचा पहिला नियम: पाच मिनिटं आधी म्हणजे वेळेवर, आणि वेळेवर म्हणजे उशिरा. आम्ही माना डोलावल्या. तिसऱ्या आठवड्यात शुभांगी तीन मिनिटं उशिरा आली, हातात आमच्या सगळ्यांसाठी उपम्याचा डबा. बोट धक्क्यापासून दोन हात लांब गेली होती. ती ओरडली, आम्ही ओरडलो, "कमांडर, उपमा आहे हो!" कमांडर समोर बघत शांतपणे म्हणाले, "सात वल्ही. पुढे." शुभांगीने सायकल काढली आणि तळ्याच्या काठाने आमच्या बरोबरीने ओरडत येऊ लागली, अस्सल मराठीत, जे इथे लिहिता येत नाही. तासाभराने परतलो तेव्हा ती धक्क्यावर बसून होती, डबा रिकामा. एकटीने संपवला होता, सूड म्हणून. कमांडरनी तिच्यासमोर उभं राहून सलाम ठोकला. ती पुन्हा कधी उशिरा आली नाही, उलट आमच्यावर घड्याळ दाखवून खेकसायला लागली.

दुसरी गंमत वल्ह्यांची. कमांडर तालासाठी "एक, दोन" ओरडायचे, आणि आम्ही तो ताल ऐकताच गोंधळायचो. वल्ही वल्ह्यांवर आपटायची, पाणी मागचीच्या तोंडात. मग एक दिवस ते थकून गप्प बसले. आम्ही गप्पा सुरू केल्या. पाच मिनिटांनी त्यांनी डोळे मोठे केले. आठही वल्ही एकाच वेळी पाण्यात जात होती, एकाच वेळी बाहेर येत होती. आमच्या बोलण्याला ताल होता! एकीचं वाक्य संपतं तिथे सगळ्यांचा "अगं बाई" पडतो, आणि त्यावर वल्हं. त्या दिवसापासून त्यांनी "एक, दोन" सोडून दिलं आणि नवा हुकूम काढला: "बोला!" निघण्याआधी ते विषय विचारायचे आणि घरी जाऊन नोंद करायचे. मी ती पानं पाहिली आहेत. विषय सासू, वेग उत्तम. विषय मुलांची शाळा, वेग बरा. विषय वजन, वेग शून्य.

मला त्यांनी पुढच्या टोकाला बसवलं. वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते, त्यामुळे बोट कुठे चालली आहे ते फक्त सुकाणूवरच्याला दिसतं. पण कमांडरची एक खास पद्धत होती. दर दहा फटक्यांनी ते हाक द्यायचे, "पुढची, खबर!" की मी मान वळवून पुढे बघायचं आणि मोठ्याने सांगायचं: "लाल बोया उजवीकडे! शिडाची होडी डावीकडे, लांब! दोन बदकं, मधोमध!" बोये म्हणजे पाण्यावरच्या तरंगत्या खुणा, होड्या, अगदी बदकंसुद्धा सांगायची. एकदा वगळली तर म्हणाले, "बदक आहे की दगड आहे हे मी ठरवेन, तू फक्त सांग." मला वाटायचं, ही नौदलाची शिस्त. मी अभिमानाने मान मोडून घेत होते.

पहिली शर्यत जून महिन्यात होती. लहानशी, क्लबांची आपापसातली, मिश्र गटातल्या अकरा बोटी. डोक्यावरून स्किपोलला उतरणारी विमानं, काठावर लोक, शिट्ट्या, आणि आम्ही आठ जणी एकसारख्या केशरी टी-शर्टात. कमांडर तर अठरा वर्षांचे झाले होते. टोपी मागे, गाल लाल, "बोला!" असा काही ओरडले की शेजारची डच बोट दचकली. आम्ही सुरुवातीलाच दोन बोटी मागे टाकल्या! खरंच टाकल्या. तिसरी आमच्या बरोबरीला आली, आणि समोर ते झाडीचं बेट.

बेटाला वळसा घालताना एक पिवळा बोया होता. बोयाच्या बाहेरून जायचं, तिथे पाणी खोल. बोया आणि बेट यांच्यामधे निव्वळ चिखल. हे आम्हाला आदल्या दिवशी कागदावर काढून दाखवलं होतं, कमांडरनीच.

मी सहज मान वळवली. हाक आली नव्हती, उत्साहात वळवली. बोट बोयाच्या आतून चालली होती. सरळ बेटाकडे.

मी बघितलं, मला कळलं, आणि मी पुन्हा समोर बघून वल्हं मारलं. दहा फटके. बारा. मनात काय चाललं होतं ते मी प्रामाणिकपणे सांगते. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. त्याला काही ठाऊक असेल. जवळचा रस्ता असेल. आणि मी सात बायकांसमोर, एवढ्या लोकांसमोर, त्यांना कसं सांगू? हाक देतील तेव्हा सांगेन. हाक आली नाही. मग बोटीखालून एक लांब, मऊ, घाणेरडा आवाज आला, आणि आम्ही सगळ्या एकमेकींच्या मांडीवर.

पुढची वीस मिनिटं आम्ही गुडघाभर चिखलात उतरून बोट ढकलत होतो. एक राजहंस अगदी जवळ येऊन बघत राहिला. शुभांगीचा एक बूट कायमचा नेदरलँड्सला मिळाला. हसून हसून आमच्यात त्राण उरलं नाही. शेवटून पहिल्या आलो, आणि काठावर टाळ्या मात्र पहिल्या बोटीपेक्षा जास्त मिळाल्या.

कमांडर हसले नाहीत. बोट बांधून झाल्यावर माझ्याजवळ आले. "बोया दिसला होता?"

"हो."

"कधी?"

"बराच आधी."

त्यांनी नुसती मान हलवली आणि टोपी घालून गेले. मला वाटलं, माझ्यावर चिडले. रात्रभर तळमळले, निखिलला झोपू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारला चहाचं बोलावणं आलं. टेबलावर चहा, बिस्किटं. त्यांनी कप भरले आणि प्रस्तावना न करता सुरुवात केली.

ते तेव्हा बावीस वर्षांचे होते. नकाशे करणाऱ्या जहाजावर, स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ. कप्तान म्हणजे सगळ्या पोरांना बापासारखा, कुणी त्याचा शब्द पडू द्यायचं नाही. जहाज नेमकं कुठे आहे ते नकाशावर टिपण्याचं काम पेंडरींकडे. त्यांनी टिंब काढलं, रेघ ओढली, आणि रेघ एका खडकावरून जात होती. कप्तान नकाशाकडे न बघताच म्हणाला, "असंच जाऊ दे." पेंडरींनी विचार केला, माझंच चुकलं असेल. त्यांच्यासमोर कसं बोलू? पुन्हा मोजून बघावं. पुन्हा मोजायला एक मिनिट लागलं.

"त्या मिनिटात जहाज खडकावर गेलं," कमांडर म्हणाले. "एका खलाशाचा पाय गेला. माझ्याहून लहान होता. चौकशी झाली. मला विचारलं, तुला त्या वेळी काही शंका आली होती का? मी म्हटलं, नो, सर."

मी कप खाली ठेवला नाही. ठेवायला सुचलंच नाही.

"कप्तानाला पुन्हा जहाज मिळालं नाही. मला मिळत गेली. तो मला दर नाताळला कार्ड पाठवायचा. मरेपर्यंत. प्रत्येक कार्डात लिहायचा, तुझ्यासारखा सावध अधिकारी मी पाहिला नाही." त्यांनी बिस्किटं माझ्याकडे सरकवली. "हे हानेकेला माहीत होतं. आता तुला. काल तू जे केलंस ते मी ओळखतो. पुन्हा करू नकोस. जे दिसतं ते सांगायचं. समोर कोणीही असो."

मला रडूच फुटलं. मी माफी मागितली, तिन्ही भाषांत मागितली असणार. त्यांनी रुमाल दिला. आणि मग, मी नाक पुसत असताना, खाली बघत म्हणाले, "आणखी एक आहे. मला काल बोया दिसला नाही. गेल्या हिवाळ्यापासून मला बोये दिसत नाहीत. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे. कडेचं दिसतं, मधलं नाही. मी वारा गालावर घेतो, तुझी खबर ऐकतो, जमतं. काल उत्साहात खबर मागायला विसरलो, एवढंच. सप्टेंबरची मोठी शर्यत आहे, तेवढी मला सुकाणूवर करायची आहे. ती शेवटची. तोपर्यंत हे आपल्या दोघांत राहू दे."

म्हणजे ती शिस्त नव्हती. दर दहा फटक्यांनी मी त्यांचे डोळे होते.

आणि मग माझ्या आत कुठेतरी काहीतरी उसळलं. आजोबांचे सगळे खोटे मंगळवार एकदम वर आले. "तुम्ही आत्ता मला काय शिकवलंत," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला परका वाटला, "आणि आता काय मागताय? त्या बोटीत सात बायका आहेत! चौघींची मुलं लहान आहेत! मालवाहू बोटी जातात त्या तळ्यातून! तुम्ही त्यांना सांगा. शनिवारपर्यंत. नाहीतर शनिवारी मी बोटीत बसणार नाही, आणि का बसत नाही ते धक्क्यावर उभी राहून सगळ्यांना सांगेन. मोठ्याने!"

शेवटचं वाक्य मी खरंच ओरडले. भिंतीपलीकडे निखिलला ऐकू गेलं.

कमांडर उठले. खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी मनात सामान बांधून पुण्याला परत निघाले होते. मग ते वळले. चेहरा लालबुंद, आणि डोळ्यांत पाणी.

"थँक यू," ते म्हणाले. "सत्तावन्न वर्षं मी वाट बघत होतो, कुणीतरी हे असं करून दाखवेल म्हणून."

शनिवारी त्यांनी धक्क्यावर, सावधान उभं राहून, एका मिनिटात सगळं सांगितलं. मग शुभांगी म्हणाली, "म्हणजे ही मेधा इतके महिने मान मोडून घेतेय, ती नौदलाची पद्धत नव्हतीच?"

"माझी पद्धत होती."

"अहो, मग आम्हाला सांगायचं ना! आम्ही आठही जणींनी माना मोडल्या असत्या!"

ते हसले, आम्ही हसलो, दोघी-तिघी रडल्या. कमांडरनी सांगितलं, सुकाणू मेधा घेईल. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, पण मीच मागितलेल्या न्यायाला नाही कशी म्हणणार? आणि आपण आता काठावरून बघू, असं म्हणून ते बाजूला झाले. म्हणजे बघू म्हणायचं तेवढंच. शुभांगीने त्यांची बाही धरली. "मेधा मागे गेली की वल्ही सात. एक जागा रिकामी आहे."

"बाई, मी एकोणऐंशी वर्षांचा आहे."

"बोटीत डोळे फक्त एका जागेवर लागतात, कमांडर. बाकी आठ जागांवर पाठ लागते. तुमची पाठ कशी आहे?"

त्यांची पाठ झकास होती. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, लेखी दिलं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी मला पिळून काढलं. सुकाणूची दोरी हातात घट्ट धरली की वल्ह्याच्या जागेवरून खेकसायचे, "बोट घोडा नाही, ओढू नकोस!" वारा ओळखायला डोळे मिटून बसवायचे. इराला काठावर उभी करून माझ्या चुका मोजायला लावायचे, आणि कार्टी डचमध्ये मोजायची, म्हणजे सगळ्या काठाला कळायचं. मी वैतागायचे, आणि सोमवारी ऑफिसात कुणी उगाच आवाज चढवला तर मला हसू यायचं.

सप्टेंबरची शर्यत! तिचं वर्णन करताना आजही मी खुर्चीत नीट बसू शकत नाही. सव्वीस बोटी, आडवा वारा, तळ्यावर पांढऱ्या लाटा. सुकाणूवरच्याच्या अगदी समोर जे वल्हं असतं त्यावर कमांडर, म्हणजे आमची तोंडं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. जन्मभर पुढे बघत आलेला माणूस पाठ फिरवून बसला होता. शिट्टी झाली. "बोला!" मी ओरडले, आणि शुभांगीने सासूचा विषय काढला.

पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणाला तेच बेट, तोच बोया. बाहेरच्या अंगाला दोन बोटी एकमेकींना रेटत होत्या. त्यांच्या आणि बोयाच्या मधे एक फट होती. आमची बोट जाईल एवढी, किंवा जाणार नाही एवढी. मी कमांडरच्या तोंडाकडे बघितलं. सवयच ती.

"मला काय बघतेस?" ते धापा टाकत, खुशीत, पोरासारखे ओरडले. "मला काही दिसत नाही!"

मी फटीत घातली. "डावी बाजू, वल्ही आत! उजवी, मारा! मारा!" शेजारच्या डच माणसाने मला जे म्हटलं ते मला समजलं, आणि मी त्याला जे म्हटलं ते त्याला समजलं नाही. बोया आमच्या कडेला घासत गेला आणि आम्ही बाहेर! दोन्ही बोटी मागे! आठही तोंडांतून एकदम जी किंकाळी फुटली तिने काठावरची बदकं उडाली. कमांडर तर वल्हं मारायचंच विसरले. "काय झालं? सांग! सांग ना! किती जवळून?"

आम्ही सतरावे आलो. सतरावे! धक्क्याला लागल्यावर त्यांनी स्वतः डावीकडचं मधलं वल्हं वर घेतलं आणि पात्यावरून बोट फिरवलं. बोयाचं ओलं शेवाळ लागलं होतं. तेवढं ते त्यांनी अंगठ्याने चोळून चोळून बघितलं, आणि रुमालाने पुसलं नाही.

पुढच्या वसंतात नोंदवही लिहिणं थांबलं. अक्षर ओळीवर राहीना. डेव्हनला त्यांची धाकटी बहीण होती, तिच्याकडे जायचं ठरलं. हानेकेची सायकल इराला मिळाली. विमानाने जायला त्यांनी साफ नकार दिला, म्हणून मी त्यांना गाडीने आयमॉयडनच्या फेरीपर्यंत, म्हणजे इंग्लंडला जाणाऱ्या जहाजापर्यंत, सोडलं. वाटेत मी तिसऱ्यांदा तिकीट घेतलं का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी रेडिओ लावला.

फेरीच्या दारात उतार होता आणि वर जायला लोखंडी जिना. बाजूने धडाधड माणसं चढत होती. दारावर फेरीच्या कंपनीची एक धिप्पाड, पन्नाशीची बाई तिकिटं तपासत होती. कमांडरचा कोट कडक इस्त्रीचा, बूट चकाकते, पाठ ताठ. त्यांना बघून कुणालाही वाटलं असतं, हाच माणूस जहाज घेऊन जाणार. तिलाही वाटलं असावं, कारण ती बाजूला झाली आणि अदबीने हात करून म्हणाली, "या ना, साहेब."

मी मागे, दोरीच्या अलीकडे. मला पुढे सोडत नव्हते. मला दिसत होतं की पहिली पायरी त्यांच्या अंदाजापेक्षा उंच आहे. मी ओरडणारच होते.

कमांडर थांबले. मागची रांग थांबली. आणि सबंध दाराला ऐकू जाईल अशा आवाजात ते त्या बाईला म्हणाले, "मॅडम, मला पायऱ्या दिसत नाहीत. तुम्ही हात द्या आणि सांगत चला."

तिने हात दिला. ती एकेक पायरी सांगत गेली आणि ते एकेक चढत गेले, भराभर, जवळजवळ तिला ओढत. वळणावर ती थांबून काहीतरी म्हणाली, बहुधा दम खाऊ या म्हणाली असेल. ते मोठ्याने हसले. मग दोघं आत गेले.